सप्रेसर लावलेल्या रायफलसाठी सबसॉनिक काडतुसांची निवड

रायफलला सप्रेसर बसवला म्हणजे आवाज मिटला, असा समज घेऊन अनेकजण पहिल्यांदा नेमबाजीच्या मैदानावर जातात आणि नेहमीची वेगवान काडतुसे वापरून निराश होतात. सप्रेसर नळीच्या तोंडाशी होणारा स्फोटाचा आवाज कमी करतो, आणि त्याचे काम तेवढेच असते. गोळी ध्वनीपेक्षा जास्त वेगाने हवेतून जात असेल, तर तिच्यासोबत धावणाऱ्या आघातलहरीचा चाबकासारखा कडाका तिच्या सगळ्या वाटेवर ऐकू येतो, आणि जगातला कोणताही सप्रेसर तो थांबवू शकत नाही, कारण तो कडाका सप्रेसरच्या बाहेर, हवेत तयार होतो. हायरम पर्सी मॅक्सिम यांना 1909 साली अमेरिकेत सप्रेसरचे पेटंट मिळाले, तेव्हापासून आजपर्यंत भौतिकशास्त्राची ही मर्यादा तशीच आहे. त्यामुळे खरोखर शांत नेमबाजी हवी असेल, तर सप्रेसरइतकाच विचार काडतुसाचा करावा लागतो आणि सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा कमी वेगाने गोळी सोडणारे, काडतूस निवडावे लागते.

सुरुवातीलाच कायद्याविषयी सांगितले पाहिजे. काही देशांत सप्रेसर शिकारीच्या दुकानात सहज मिळतो, काही ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि काही ठिकाणी तो बाळगणे हाच गुन्हा आहे. आपण जिथे राहतो तिथला कायदा सप्रेसर, रायफल आणि काडतूस या तिन्हींबाबत काय म्हणतो, हे लेखी स्वरूपात तपासल्याशिवाय पुढची एकही पायरी चढू नये.

आवाज कुठून येतो

गोळी झाडली जाते तेव्हा चार वेगवेगळे आवाज होतात: नळीच्या तोंडाशी बाहेर पडणाऱ्या वायूंचा स्फोट, गोळीचा हवेतला कडाका, रायफलच्या यंत्रणेची खटखट आणि गोळी लक्ष्यावर आदळण्याचा आवाज. चांगला सप्रेसर पहिला आवाज साधारण 20 ते 35 डेसिबलने खाली आणतो. सबसॉनिक काडतूस दुसरा आवाज पूर्णपणे काढून टाकते. शिवाय त्यात बंदुकीची दारू कमी असल्यामुळे पहिल्या आवाजालाही काही प्रमाणात मदत होते. तिसरा आवाज रायफलच्या प्रकारावर अवलंबून असतो. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलमध्ये बोल्ट, म्हणजे मागचा अडसर, हाताने सरकवून काडतूस भरावे लागते आणि झाडताना तो हलत नाही, म्हणून ती सर्वांत शांत असते, तर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये बोल्ट मागे जातो, पुंगळी (काडतुसाचे कवच) बाहेर फेकली जाते आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, उघडताना उरलेला वायू नेमबाजाच्या कानाजवळ सुटतो. अगदी शांत जोडणी करूनही सेमी-ऑटोमॅटिकचा आवाज अपेक्षेपेक्षा जास्त वाटतो तो याच कारणाने, त्यात काडतुसाचा दोष नसतो.

सप्रेसर थंड असताना आणि त्यात हवा भरलेली असताना झाडलेली पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपेक्षा मोठा आवाज करते, कारण आतल्या प्राणवायूमुळे न जळलेली दारू आणि गरम वायू तिथेच पेट घेतात. म्हणून कोणत्याही काडतुसाच्या आवाजाबद्दल मत बनवताना पहिली गोळी वेगळी धरावी. कानांच्या संरक्षणासाठी क्षणिक आवाजाची 140 डेसिबल ही मर्यादा सर्वत्र संदर्भ म्हणून वापरली जाते. सबसॉनिक जोडणी बहुधा तिच्या बरीच खाली राहते, तरीही दीर्घ सरावात कानांवर संरक्षण ठेवणेच शहाणपणाचे आहे.

वेगाची मर्यादा ही एक स्थिर संख्या नाही

हवेतला ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. 20 अंश सेल्सियसला तो सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो, 0 अंशाला 331 मीटर आणि उणे 10 अंशाला साधारण 325 मीटर. उंच डोंगरावर हा वेग कमी होतो तो हवा विरळ असल्यामुळे नव्हे, तर तिथली हवा थंड असल्यामुळे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की खोक्यावर सेकंदाला 328 मीटर वेग छापलेले काडतूस उन्हाळ्याच्या दुपारी निमूटपणे जाईल, पण गोठवणाऱ्या थंडीच्या पहाटे त्याच काडतुसातल्या काही गोळ्या कडाडतील. त्यात भर अशी, की गोळी ध्वनीच्या वेगाच्या अगदी जवळ असते तेव्हा तिच्या पृष्ठभागालगतचा हवेचा प्रवाह ठिकठिकाणी ध्वनीचा वेग ओलांडतो, त्यामुळे मर्यादेला घासून जाणारी गोळी शांतही नसते आणि तिचा मार्गही स्थिर राहत नाही. म्हणून अपेक्षित तापमानाच्या ध्वनिवेगापेक्षा निदान 15 मीटर खाली राहणारे काडतूस शोधावे. सेकंदाला 300 ते 320 मीटर हा पट्टा बहुतेक ऋतूंत सुरक्षित ठरतो, आणि सेंटरफायर (तळाच्या मध्यभागी आघात होऊन पेटणाऱ्या) सबसॉनिक काडतुसांचे बहुतेक कारखानदार त्याच आसपास वेग ठेवतात.

खोक्यावरचा वेग कारखान्याच्या चाचणी-नळीतला असतो, आपल्या नळीतला नसतो. नळीची लांबी, आतला घट्टपणा आणि दारूचे तापमान यांमुळे प्रत्यक्ष वेग वर-खाली होतो. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस काही मिनिटे पडून राहिले, तर दारू गरम होऊन वेग वाढतो, आणि दिवसभर शांत असलेल्या रायफलमधून अचानक एक कडाका ऐकू येतो. क्रोनोग्राफ हे वेग मोजण्याचे साधन विकत घेणे शक्य नसेल तर मैदानावर कोणाकडून तरी थोडा वेळ मागून घ्यावे, पण मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नये. दहा गोळ्या मोजल्यावर सरासरीकडे नंतर पाहावे. सर्वांत वेगवान गोळी कोणती, हा पहिला प्रश्न असतो, कारण शांतता तीच मोडणार असते.

नळीचा पीळ

या विषयात सर्वांत जास्त नुकसान करणारी आणि तरीही सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे नळीचा पीळ आणि गोळीची लांबी यांचा मेळ. वेग कमी ठेवून पुरेशी ऊर्जा हवी असेल तर गोळी जड करावी लागते, आणि कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, तेच ठेवून गोळी जड केली की ती लांब होते. लांब गोळीला हवेत सरळ राहण्यासाठी जास्त वेगाने फिरावे लागते, म्हणजेच नळीतला पीळ घट्ट हवा. पीळ 1:8 असा लिहिला असेल, तर गोळी नळीतून 8 इंच जाताना स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते. दुसरी संख्या जितकी लहान, तितका पीळ घट्ट. इथे वजनापेक्षा लांबी महत्त्वाची असते, हे ध्यानात ठेवावे: संपूर्ण तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिसेगर्भ गोळीपेक्षा लांब असते, म्हणून तिला आणखी घट्ट पीळ लागू शकतो.

.300 ब्लॅकआउट हे काडतूस मुळातच हा हिशेब मनात ठेवून बनवले गेले आणि 2011 साली अमेरिकेतल्या सामी या संस्थेने त्याची मापे प्रमाणित केली. त्याच्या सबसॉनिक गोळ्या साधारण 190 ते 220 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक, सुमारे 0.065 ग्रॅम) असतात आणि नळ्या 1:8 किंवा त्याहून घट्ट पिळाच्या येतात, त्यामुळे खरेदीदाराला फारसा त्रास होत नाही. 8.6 ब्लॅकआउटमध्ये तर हा विचार टोकाला नेऊन 1:3 इतका पीळ ठेवला आहे. याउलट .308 विंचेस्टरच्या जुन्या रायफलींमध्ये 1:12 पीळ सर्रास आढळतो. तो 150 ते 168 ग्रेनच्या वेगवान गोळ्यांना उत्तम, पण 200 ग्रेनची संथ गोळी त्यात डगमगण्याची शक्यता मोठी असते. .22 लाँग रायफलमध्ये प्रचलित पीळ 1:16 असून तो 40 ग्रेनच्या नेहमीच्या गोळीसाठी आहे. अगुइला कंपनीचे 60 ग्रेनचे सबसॉनिक काडतूस त्याच चेंबरमध्ये व्यवस्थित बसते, पण लांब गोळीमुळे 1:16 पिळाच्या अनेक नळ्यांतून ती आडवी-तिडवी जाते. त्या काडतुसासाठी 1:9 च्या आसपासचा पीळ हवा.

डगमगणारी गोळी नेम बिघडवते, हा किरकोळ तोटा झाला. मोठा धोका असा, की ती सप्रेसरच्या आतल्या पडद्यांना धडकते. अशा धडकेत सप्रेसर फाटू शकतो, पुढचे टोपण उडू शकते आणि गोळी भलत्याच दिशेला जाऊ शकते. म्हणून नवे काडतूस, मग ते कितीही नामांकित असो, सप्रेसर न लावता आधी कागदावर तपासावे. कागद 25 मीटरवर लावून पाच ते दहा गोळ्या झाडाव्यात, नंतर अंतर वाढवून 50 मीटरवर तेच करावे आणि प्रत्येक भोक जवळ जाऊन पाहावे. स्थिर गोळीचे भोक गोल असते आणि त्याच्या कडेला चारी बाजूंनी सारखी करडी-काळी कड उमटते. भोक लंबगोल असेल, एका बाजूची कड जाड असेल किंवा कागदावर गोळीची आडवी आकृती दिसत असेल, तर ते काडतूस त्या नळीसाठी बाद. 'थोडेसेच लांबट आहे, चालेल' असे मनाला समजावू नये. कडाक्याच्या थंडीत दाट हवेमुळे स्थिरता आणखी कमी होते, त्यामुळे उन्हाळ्यात काठावर पास झालेले काडतूस थंडीत पुन्हा तपासावे.

कागदाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सप्रेसर बसवून तो नळीशी सरळ रेषेत आहे की नाही हे तपासण्याचा दांडा नळीतून घालून पाहावा, अर्थात रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून. सप्रेसरचे छिद्र त्या कॅलिबरसाठीच आहे आणि तो सेंटरफायरच्या दाबासाठी मान्य केलेला आहे, हेही त्याच वेळी पाहावे. .22 रिमफायरसाठी, म्हणजे तळाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या कमी दाबाच्या काडतुसासाठी, बनवलेला सप्रेसर सेंटरफायर रायफलवर लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे.

कॅलिबरची निवड

शांत सराव आणि लहान उपद्रवी प्राण्यांचे नियंत्रण एवढेच उद्दिष्ट असेल, तर .22 लाँग रायफलला तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. 40 ग्रेनची गोळी सेकंदाला 320 मीटर वेगाने जाते तेव्हा तिच्यात सुमारे 130 जूल ऊर्जा असते. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, चांगला सप्रेसर आणि असे काडतूस एकत्र आले की लक्ष्यावर आदळण्याचा आवाज हाच सर्वांत मोठा आवाज उरतो. सीसीआय कंपनीचे क्वाएट-22 हे त्याहूनही संथ काडतूस सेकंदाला सुमारे 216 मीटरच्या वेगाने जाते. ते फारच शांत आहे, पण बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफली त्यावर आपोआप भरत नाहीत आणि 50 मीटरवर ते नळीच्या रेषेपासून पाव मीटरहून जास्त खाली येते.

.300 ब्लॅकआउटची 220 ग्रेनची गोळी सेकंदाला 305 मीटर वेगाने साधारण 660 जूल ऊर्जा घेऊन जाते. लहान पुंगळीत थोडी दारू चांगली भरून राहते, त्यामुळे वेग एकसारखा मिळतो. .308 विंचेस्टरच्या मोठ्या पुंगळीत तेवढीच दारू टाकली की आतली बरीच जागा रिकामी राहते, रायफल वर किंवा खाली झुकवली की दारू पुढे-मागे सरकते आणि वेग बदलतो. कारखानदार यासाठी खास दारू वापरतात, तरीही .308 ची सबसॉनिक काडतुसे निवडताना वेगातील फरकाकडे जास्त काटेकोरपणे पाहावे. 5.56 मिलिमीटर कॅलिबरमध्ये सबसॉनिक काडतुसे मिळतात, पण 77 ग्रेनच्या गोळीत त्या वेगाला जेमतेम 240 जूल उरतात आणि रायफलची यंत्रणा बहुधा फिरत नाही. शांततेसाठी नवी रायफल घेणार असाल, तर हा मार्ग मी सुचवणार नाही.

इथे एक गंभीर इशारा दिलाच पाहिजे. .300 ब्लॅकआउट आणि 5.56 यांची मॅगझिन आणि बोल्ट एकच असतात, आणि .300 ब्लॅकआउटची काही काडतुसे 5.56 च्या चेंबरमध्ये शिरून बोल्ट बंदही होतो. ती झाडली गेली तर .30 ची गोळी .22 च्या नळीत अडकते आणि रायफल फुटते. दोन्ही रायफली बाळगणाऱ्याने मॅगझिनना ठळक रंगाच्या पट्ट्या लावाव्यात, काडतुसांचे डबे वेगळे ठेवावेत आणि एका वेळी मैदानावर एकाच कॅलिबरचा साठा उघडावा.

रायफल काडतूस चालवते का

सेमी-ऑटोमॅटिक रायफल वायूच्या दाबावर चालते आणि सबसॉनिक काडतुसात दाब कमी असतो. .300 ब्लॅकआउटच्या रायफलींमध्ये म्हणूनच वायूचे छिद्र चेंबरच्या जवळ, पिस्तूल-लांबीच्या जागी ठेवलेले असते. सप्रेसर लावला की मागे येणारा दाब वाढतो. परिणामी, सप्रेसरशिवाय अडखळणारे काडतूस सप्रेसरसह सुरळीत चालते, आणि कधीकधी तेच वेगवान काडतुसासोबत गरजेपेक्षा जोरात यंत्रणा फिरवते. वायूचे प्रमाण बदलता येणारा गॅस ब्लॉक असेल, तर जास्तीत जास्त शांततेसाठी तो इतका कमी करावा की पुंगळी व्यवस्थित फेकली जाईल आणि रिकाम्या मॅगझिनवर बोल्ट मागे अडकून राहील, त्याहून जास्त मोकळा ठेवू नये. ही जुळणी ठरवण्याआधी त्या काडतुसाच्या निदान दोन-तीन भरलेल्या मॅगझिन चालवून पाहाव्यात.

सबसॉनिक काडतुसात दारू थोडी असल्यामुळे क्वचित एखादे काडतूस इतके कमजोर निघते की गोळी नळीतच थांबते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का जाणवला नाही किंवा कागदावर भोक दिसले नाही, तर लगेच थांबावे, रायफल रिकामी करावी आणि नळी आरपार मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय पुढची गोळी झाडू नये. शांत नेमबाजीत हा फरक कानाला सहज कळत नाही, म्हणून प्रत्येक गोळीचे भोक पाहण्याची सवय उपयोगी पडते. स्वतः काडतुसे भरणाऱ्यांनी अंदाजाने दारू कमी करत जाऊन सबसॉनिक वेग गाठण्याचा प्रयत्न कधीही करू नये. प्रकाशित आणि तपासलेल्या मापांबाहेर जाण्याची ही जागा नाही.

गोळीचा मार्ग आणि परिणाम

संथ गोळी झपाट्याने खाली येते. 220 ग्रेनची गोळी सेकंदाला 305 मीटर वेगाने सुटली आणि दुर्बीण 100 मीटरवर जुळवलेली असेल, तर ढोबळ हिशेबाने ती 50 मीटरवर सुमारे 11 सेंटीमीटर वर, 150 मीटरवर जवळपास 40 सेंटीमीटर खाली आणि 200 मीटरवर एक मीटरहून जास्त खाली लागते. अंतराचा अंदाज दहा मीटरने चुकला तरी नेम हुकतो, म्हणून अंतरमापक इथे चैन नसून गरज आहे. वेगातला फरकही असाच उमटतो: दोन गोळ्यांच्या वेगात 10 मीटरचा फरक असेल, तर 100 मीटरवर त्यांच्या उंचीत साडेतीन सेंटीमीटरचा आणि 200 मीटरवर सुमारे 15 सेंटीमीटरचा फरक पडतो. 50 मीटरवर सुंदर गट (जवळजवळ पडलेली भोके) देणारे काडतूस लांबवर उभे पसरते, ते यामुळे. गट आडवा अरुंद आणि उभा लांब दिसला की दोष हाताचा नाही, वेगाचा आहे असे समजून दुसरे काडतूस आजमावावे.

कागदावर सराव करायचा असेल, तर स्वस्त पूर्ण आवरणाची गोळी पुरते. शिकारीसाठी मात्र खास कमी वेगाला उमलणारीच गोळी निवडावी. नेहमीची शिकारी गोळी सेकंदाला 600 ते 900 मीटर वेगासाठी बनवलेली असते. सबसॉनिक वेगाला ती उघडतच नाही, आरपार जाते आणि प्राणी जखमी होऊन दूरवर तडफडतो. खोक्यावर किमान किती वेगाला गोळी उमलते हे लिहिलेले नसेल, तर ती शिकारीसाठी घेऊ नये. अनेक ठिकाणी कायद्याने मोठ्या प्राण्यांसाठी किमान ऊर्जा ठरवलेली आहे आणि सबसॉनिक काडतुसे त्यात बसत नाहीत. जिथे बसतात तिथेही 100 मीटरच्या पलीकडे झाडणे मला योग्य वाटत नाही, कारण गोळीला पोहोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो आणि तेवढ्या वेळात प्राणी पाऊल उचलतो.

जड, संथ गोळी तुटून विखुरत नाही, उलट कठीण जमिनीवरून किंवा दगडावरून सहज उसळते. म्हणून मागे मातीचा भक्कम बांध असल्याशिवाय झाडू नये. आवाज कमी झाला तरी धोका तितकाच राहतो.

खरेदी आणि नोंद

पीळ, वेग आणि उद्देश ठरल्यावर तीन-चार कंपन्यांचे एकेक खोके घ्यावे आणि वर सांगितलेल्या क्रमाने तपासावे: आधी सप्रेसरशिवाय कागदावर भोकांचा आकार, मग क्रोनोग्राफवर सर्वाधिक वेग, मग सप्रेसरसह यंत्रणेची चाल आणि शेवटी गट. सप्रेसर लावल्यावर गोळी लागण्याची जागा बदलते, त्यामुळे अंतिम जुळवणी सप्रेसर बसवूनच करावी, आणि त्याच रायफलमधून वेगवान काडतुसेही वापरायची असतील तर त्यांची जुळवणी वेगळी नोंदवावी. वहीत काडतुसाचे नाव, खोक्यावरील उत्पादन क्रमांक, तापमान, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेग, गटाचा आकार एवढे लिहिले तरी पुरते. एखादे काडतूस पसंत पडले की त्याच उत्पादन क्रमांकाची खोकी शक्य तितकी एकदम घ्यावीत, कारण एकाच नावाच्या दोन उत्पादनांतही वेग बदलतो. नवा क्रमांक आला की वेग पुन्हा मोजावा.

बिनआवरणाच्या शिशाच्या गोळ्या, विशेषतः .22 च्या, सप्रेसरच्या आत शिशाचा आणि काजळीचा थर साठवतात. म्हणून त्या वापरायच्या असतील तर उघडून साफ करता येणारा सप्रेसरच घ्यावा, साफ करताना हातमोजे घालावेत, निघालेला चुरा कोरडा झाडून हवेत उडवू नये आणि काम संपल्यावर जेवणाआधी हात व चेहरा साबणाने धुवावा.